आधी तपासणी, मग भाकरी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतील सिलिॲक आजारावरचा (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याचे अस्तर झिजते तो) लेख वाचला आणि सोमवारचा दिवस शांतपणे जावा म्हणून आज पत्र लिहीत आहे. गहू बंद केल्यावर ही आजारी मुले सुधारतात हे दाखवणारे डच डॉक्टर विलेम डिके यांची हकिकत लेखकाने रंगवून सांगितली आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र त्या हकिकतीवरून ‘महिनाभर गहू बंद करून पाहा, बरे वाटले तर समजून जा’ हा जो सल्ला वाचकांना दिला आहे, तो आमच्या घराला फार महागात पडलेला आहे.

डिके यांच्या वॉर्डातली मुले आजारी आहेत हे आधीच ठरलेले होते, आणि १९५० साली त्यांनी प्रबंध लिहिला तेव्हा या आजाराची आजच्यासारखी रक्ततपासणीही नव्हती. आज रक्ताची जी टीटीजी तपासणी करतात तिचा पाया म्हणजे ट्रान्सग्लुटामिनेज हे शरीरातलेच विकर; या आजारात प्रतिपिंडे त्याच्यावरच उलटतात हे १९९७ साली ओळखले गेले. ही तपासणी रक्तातली तीच प्रतिपिंडे मोजते, आणि ती प्रतिपिंडे पोटात ग्लूटेन जात असते तोवरच भरपूर असतात. गहू थांबला की काही महिन्यांत ती उतरतात, आतड्याचे अस्तरही हळूहळू भरून येते आणि मग रक्त व आतड्यात घातलेली दुर्बीण दोन्ही ‘सर्व ठीक’ म्हणू लागतात. लेख पाऊण पान आहे. त्यात ‘गहू थांबवण्याआधी तपासणी करा’ या एका वाक्याला जागा मिळू नये?

माझ्या नातीची उंची वर्गात सर्वांत कमी होती आणि हिमोग्लोबिन आठाच्या वर चढत नव्हते. दोन वर्षे लोहाचे औषध चालले. त्याने दात तेवढे काळे पडले. आमच्या विहीणबाईंनी अशाच एका लेखाचे कात्रण आणले आणि गहू बंद झाला. पाच महिने ती भाकरीवर होती, पोटही सुधारले, म्हणून आम्ही तपासणीला नेले. अहवाल निर्दोष आला. मुलगी पोळी खाते का, हा प्रश्न रक्त घेणाऱ्याने विचारला नाही, अहवाल पाहणाऱ्यानेही नाही, आणि आम्हाला तो सुचण्याचे कारण नव्हते.

दुसऱ्या डॉक्टरांनी तो विचारला आणि कपाळाला हात लावला. आठ आठवडे रोज दोन पोळ्या खाऊ घाला, मग या, असे त्यांनी सांगितले. पहिल्याच आठवड्यात तिचे पोट इतके फुगले की शाळेच्या स्कर्टचा हूक लागेना. ‘आजोबा, आज अर्धीच’ असे ती म्हणायची, आणि तिला चॉकलेटदेखील नाही म्हणू न शकणारा मी समोर बसून तिच्याकडून उरलेली अर्धी संपवून घ्यायचो. या वेळी तपासणीत आजार दिसला, पण प्रतिपिंडांचा आकडा मर्यादेच्या चौपटच होता. युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली आणखी काही अटींसह आणि २०२० साली त्या अटी सोडून सांगितले आहे की आकडा दहापट किंवा अधिक असेल आणि रक्ताच्या दुसऱ्या नमुन्यातली ईएमए ही प्रतिपिंडांची आणखी एक तपासणीही तसेच सांगत असेल, तर मुलांच्या आतड्याचा तुकडा काढण्याची गरज नाही. आम्हाला तो लाभ मिळाला नाही. नऊ वर्षांच्या पोरीला भूल देऊन दुर्बीण घालावी लागली. गहू चालू असतानाच पहिले रक्त तपासले असते, तर कदाचित हे टळले असते. तिच्या धाकट्या भावाची तपासणी मात्र आम्ही पोळी चालू असतानाच करून घेतली. सख्ख्या भावंडांनी ती करून घ्यावी, हेही आपल्या लेखात नाही.

आता लेखाखालची चौकट. ‘ग्लूटेनमुक्त खमंग थालीपीठ’ या पाककृतीत आपण ‘दोन वाट्या भाजणी, चिमूटभर हिंग’ असे छापले आहे. भाजणीत ज्वारी, बाजरी, डाळींबरोबर गहूही भाजून घालतात, हे नाशिकमधल्या कोणत्याही घरी विचारले असते तरी कळले असते. डबीतल्या हिंगात बहुधा मैदा असतो. तो मागे, भिंगातून वाचता येईल अशा अक्षरांत, लिहिलेला असतो. ग्लूटेनमुक्त म्हणायचे तर किलोमागे २० मिलिग्रॅम ग्लूटेन ही मर्यादा आहे. इंदिरानगरात गिरणीवाल्याला ‘ज्वारी गव्हावर दळू नका’ असे वर्षभर विनवून शेवटी आम्ही घरघंटी घेतली, आणि आपण गहूच थालीपिठात घालून मोकळे झालात.

दुरुस्ती अवश्य छापावी, आणि ती चौकटीएवढ्याच आकारात छापावी. मागे पाणीकपातीच्या वेळापत्रकातली चूक आपण शब्दकोड्याच्या खाली दुरुस्त केली होती. आमच्या इमारतीत ती कोणीही वाचली नाही आणि गुरुवारी सगळे कोरड्या नळाखाली बादल्या लावून उभे होते.

आपला,
एक आजोबा, इंदिरानगर, नाशिक