मगरीच्या मागच्या पायाला चारच बोटं

कारेलीबाग, बडोदे
रविवार, संध्याकाळ

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

कॅलेंडरसाठी बारा चित्रं देतो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. पण प्रत्येक चित्राखाली ‘नदी वाचवा’, ‘पाणी हेच जीवन’ अशी एकेक ओळ मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहावी, ही तुझी दुसरी मागणी मान्य नाही. आई म्हणते, एवढ्यासाठी पत्र कशाला, फोनवर ‘नाही’ म्हणायचं. पण फोनवर तू मला बोलू देतेस कुठे?

अशी ओळ मी एकदा लिहून पाहिली आहे. निवृत्तीनंतर रंग हातात घेतले तेव्हाचं पहिलंच मोठं चित्र. विश्वामित्री नदीच्या काठावर मगर बसली आहे, डोळ्यांतून टपोरे थेंब गळताहेत आणि खाली लाल अक्षरात ‘मला वाचवा’. मला फार भारी वाटलं होतं. आईनं चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, “अहो, नक्राश्रू!” मग पदर तोंडाला लावून हसत स्वयंपाकघरात गेली. सबंध मराठी भाषेत खोट्या रडण्याला जो एक शब्द आहे, तोच मी इमानेइतबारे रंगवून ठेवला होता. शेजारचा सात-आठ वर्षांचा मुलगा आला, त्यानं ओळ वाचली, ‘हं’ म्हणाला आणि पतंगाची दोरी मागून निघून गेला.

पुढच्या महिन्यात मी स्कूटरवरची मगर काढली. तोच मुलगा त्या चित्रापुढे बराच वेळ उभा राहिला. आधी विचारलं, “काका, आ क्यां जाय छे?” म्हणजे ही कुठे चालली आहे? मग अगदी जवळ नाक नेऊन बोटं मोजायला लागला. म्हणाला, पुढच्या पायाला पाच आणि मागच्याला चारच, तुम्ही एक विसरलात. मी विसरलो नव्हतो. मगरीला पुढे पाच आणि मागे चारच बोटं असतात. त्याचा विश्वास बसेना, म्हणून त्याला घेऊन सयाजीबागेतल्या प्राणिसंग्रहालयात गेलो. तिथली मगर पाय पोटाखाली घेऊन दगडासारखी पडून होती. अर्धा तास आम्ही दोघं कठड्याला टेकून ती पाय कधी हलवते याची वाट बघत राहिलो. तेवढ्यात त्यानं तिच्या पाठीवरचे खवले, जबडा मिटल्यावरही बाहेर दिसणारे दात, वर आलेले डोळे, सगळं बघून घेतलं. ‘मला वाचवा’ वाचायला त्याला दोन सेकंद लागले होते.

माझं म्हणणं एवढंच आहे. ओळ लिहिली की माणूस ओळ वाचतो आणि चित्र बघायचं राहून जातं.

आणि गमतीचं चित्र म्हणजे कसंही काढलेलं चित्र, असं मात्र समजू नकोस. आयुष्यभर कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढले, तिथे अर्धा मिलिमीटर चुकला तर माल परत यायचा. ती सवय इथे कामाला येते. मगरीला छत्री दे, टोपी दे, चपला घाल, काहीही कर. पण मगर मगरच हवी. तिचं तोंड घडियाल सुसरीसारखं निमुळतं झालं, की बडोद्यातला माणूस लगेच म्हणेल ही आपली नव्हे. एक गोष्ट खोटी करायची असेल, तर बाकीच्या नऊ खऱ्या लागतात.

त्या स्कूटरचं म्हणशील, तर ती माझ्या डोक्यातून आलेली नाहीच. २०२४च्या पुरानंतर दोन तरुण पकडलेली मगर स्कूटरवर मधे आडवी घेऊन वनखात्याच्या कचेरीत पोचवायला निघाले होते, तो व्हिडिओ तूच मला पाठवला होतास. पुराच्या दिवसांत घराच्या छपरावर चढून बसलेली मगरही सगळ्या देशानं पाहिली. अशा गावात कल्पनाशक्ती लढवायची म्हणजे अवघडच काम! मी फक्त हेल्मेट वाढवलं. ते मगरीच्या डोक्यावर आहे, चालवणाऱ्याच्या नाही.

आता गढूळ पाण्याबद्दल. तू विचारलं होतंस, की पुराचं पाणी इतकं हुबेहूब कसं येतं, त्यात खरी माती मिसळता का? माती नाही. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी, एवढे दोनच रंग. तीनशे जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, कॉटनचा कागद आधी स्वच्छ पाण्यानं पूर्ण ओला करायचा आणि थांबायचं. सगळी कला या थांबण्यात आहे. कागदावर पाण्याचा आरसा चकाकत असतो तोवर ब्रश लावला, तर रंग नुसता वाहून जातो. चकाकी ओसरून कागद ओलसर मंद दिसू लागला की तो क्षण. त्यात हे दोन रंग सोडायचे आणि कागद किंचित तिरका धरायचा. दोन्ही रंगांचे कण जड, ते कागदाच्या बारीक खड्ड्यांत जाऊन बसतात, अगदी नदीचा गाळ बसतो तसे. आपण काही करायचं नाही. हात शिवशिवतो, इथे जरा सारखं करू, तिथे थोडं पुसू. केलंस की चिखल झालाच म्हणून समज. पाऊस हवा असेल तर रंगाच्या आधी देवघरातल्या मेणबत्तीनं तिरक्या रेघा ओढून ठेवतो. मेणावर रंग धरत नाही, पांढऱ्या धारा आपोआप उरतात. मेणबत्त्या कमी का होतात, हे आईला अजून कळलेलं नाही. हे पत्र तिला वाचून दाखवू नकोस.

पुराचं चित्र काढताना हात जड होतो, ते वेगळं. २०१९च्या ३१ जुलैला चोवीस तासांत जवळजवळ पाचशे मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा आपल्याकडे पाणी पायरीपर्यंत येऊन परत गेलं होतं. २०२४च्या ऑगस्टमध्ये मात्र घरात शिरलं. पलंगाखालच्या ट्रंकेत माझे जुने नकाशे होते, तुझी बालवाडीतली चित्रं होती. सगळ्याचा लगदा. भिंतीवरची पाण्याची रेघ आईनं रंगाऱ्याला पुसू दिली, फक्त माझ्या टेबलामागची तेवढी मी ठेवून घेतली. त्यामुळे नदी रुंद करा, खोल करा, असं म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना मी मूर्ख म्हणू शकत नाही. माझीही ट्रंक गेली आहे. २०२५च्या उन्हाळ्यात पात्रात यंत्रं उतरली, तेव्हा मला एकीकडे हायसं वाटलं. दुसरीकडे हेही ठाऊक होतं, की उन्हाळा हाच मगरींचा अंडी घालण्याचा आणि राखण्याचा काळ, आणि ती अंडी काठाच्या मातीतच असतात. पावागडाच्या डोंगरातून निघालेली नदी शहराच्या मधोमध येते, तिच्यात शेकडो मगरी राहतात आणि आपणही तिच्याच पुराच्या जागेत घर बांधून राहतो. आता यावर चित्राखाली कोणती ओळ लिहू सांग. ‘नदी वाचवा’? कोणापासून? माझ्यापासून?

हे नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाही. तू दिवाळीला पाठवलेल्या पेटीत कॅडमियम पिवळ्याची ट्यूब होती. सुंदर रंग, तसा पिवळा दुसऱ्या कशात नाही. सहा महिने मी नदीवर कळवळून चित्रं काढत होतो आणि ब्रश धुतलेलं पिवळं पाणी रोज संध्याकाळी मोरीत ओतत होतो. मोरीतून गटारात, गटारातून पुढे कुठे, ते सांगायला नको. कॅडमियम हा विषारी धातू आहे, हे मला कारखान्यात असल्यापासून माहीत. मुलामा देण्याच्या विभागात त्याच्याबद्दल सूचना लावलेल्या असायच्या. पण ट्यूबवर तेच नाव रोज वाचूनही डोक्यात दिवा लागला नाही. आता ती ट्यूब बंद. ब्रश आधी चिंधीला कोरडा पुसतो, मगच पाण्यात बुडवतो. बरणी रात्रभर ठेवली की रंग तळाशी बसतो, तो जुन्या वर्तमानपत्रावर काढून वाळवून टाकतो. आई म्हणते, एवढी काळजी माझ्या भांड्यांची घेतली असतीत तर!

मधे घरगुती रंगांचंही वेड लागलं होतं. हळदीनं सूर्य रंगवला, पळसाची फुलं भिजवून केशरी केलं. इथे धुळवडीला केसुडा, म्हणजे पळसच, मिळतोच. खिडकीशी टांगलेला हळदीचा सूर्य महिन्याभरात मावळला. उन्हात हळद टिकत नाही, हे वाळत घातलेल्या पिवळ्या पंच्यांनी मला आधीच सांगितलं होतं. जांभळाच्या रसाचं आभाळ पहिल्या दिवशी अप्रतिम होतं, चार दिवसांत राखाडी झालं आणि पाचव्या दिवशी त्यावरून मुंग्यांची रांग चालली होती. खरं तर सगळ्यांत जिवंत चित्र तेच, पण पुण्याला पाठवता येणार नाही.

तुला वाटत असेल, बाबांना या वयात हे मगरींचं काय सुचलं. तशी ही परंपरा जुनी आहे. गुजरातेत खोडियार मातेचं वाहन मगर, गंगेचंही मकर. कीर्तिमंदिरात, म्हणजे इथल्या गायकवाडांच्या स्मारकात, भिंतीवर नंदलाल बोसांचं गंगावतरण आहे. लहानपणी तुला दाखवायला नेलं होतं, तर तू बाहेरच्या खारींमागे धावत होतीस. आणि मी विशीत असताना इथल्या फाइन आर्ट्स कॉलेजच्या मेळ्याला जायचो, तिथे के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखा मोठा चित्रकार लाकडाचे तुकडे, मणी, चामड्याच्या पट्ट्या जोडून खेळणी करायचा. एवढा विद्वान माणूस आणि खेळणी! तेव्हा मला ते जरा हलकं काम वाटलं होतं. पण बघ, त्या मेळ्यातलं बाकी काय काय पाहिलं ते विसरलो आणि खेळणी डोळ्यांपुढे आहेत.

बारापैकी सात तयार आहेत. जानेवारीला उत्तरायण. मकरसंक्रांतीच्या चित्रात मकर नको तर काय बैल काढू? मगर उन्हात पसरली आहे, कापलेल्या पतंगांचा सगळा मांजा तिच्या पाठीच्या खवल्यांत अडकलाय आणि मागच्या फांदीवर पाखरं निवांत बसली आहेत. तिला काही लागत नाही, पाखरांना लागतं, म्हणून ती मधे झोपली आहे. जुलैमध्ये बगळ्यांची घरटी बांधायची घाई. मद्रासच्या मगर-उद्यानात अशाच घरटी बांधायच्या मोसमात मगरी नाकाडावर काड्या ठेवून पाण्यात स्तब्ध बसलेल्या दिसल्याची नोंद आहे, काडी उचलायला बगळा आला की झडप. माझ्या मगरीनं काड्यांचं दुकान मांडलंय आणि बगळा घासाघीस करतोय. भाव पटतो की नाही, ते मी दाखवलेलं नाही. ऑगस्टला अर्थातच स्कूटर.

चित्रांत मगर नर की मादी, यावरूनही घरात वाद आहे. आपण म्हणतो ती मगर आली, शेजारी म्हणतात ‘मगर आव्यो’. जूनच्या चित्रात मात्र वाद नाही, तिथे ती आईच आहे. पावसाच्या तोंडावर पिल्लं अंड्यांतून बाहेर येतात, तेव्हा मगर त्यांना जबड्यात घेऊन पाण्यापर्यंत नेते. ज्या दातांनी हाडं फुटतात, त्या दातांत वीतभर पिल्लं. त्याच सुमारास इथल्या शाळा उघडतात. म्हणून जबड्याची मी शाळेची रिक्षा केली आहे. दातांच्या फटींतून आठ पिल्लं डोकावताहेत, पाठीला दप्तरं, एकाचा डबा बाहेर लोंबतोय, एक रडतंय. ते रडणारं तू आहेस. पहिल्या दिवशी तूही रिक्षाचा दांडा सोडत नव्हतीस.

कॅलेंडरच्या पानावर खाली जागा मोकळी राहील, असं तुझी छापखान्यातली मैत्रीण म्हणाली ना? राहू दे मोकळी. लोक दूधवाल्याचा हिशेब लिहितील.

आता थांबतो. जूनचं पाणी अर्ध्या तासापूर्वी टाकलंय, अजून चकाकी गेलेली नाही आणि कागदावर वारा नको म्हणून मी पंखा बंद करून ठेवलाय. आई दारात पदरानं वारा घेत उभी आहे आणि विचारते आहे, की तुमच्या मगरीला अजून किती वेळ लागणार.

तुझा,
बाबा