कॉम्प्रेसर नसलेला फ्रीज

फ्लॅगस्टाफ, ॲरिझोना

ती. अण्णा आणि ती. आई,
सा. न. वि. वि.

परवा गाडीतला फ्रीज गार होत नाही म्हणून फोन केला, तर अण्णा म्हणाले, "कॉम्प्रेसरवर हात ठेव, गरम लागतो का सांग." कॉम्प्रेसरच नाही म्हटल्यावर, पोरगी चुकीच्या बाजूने बघतेय असं त्यांना वाटलं. इथे रानात फोनला रेंज धड नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. आई, तुझ्यासाठी वेगळं पत्र लिहीन, हे अण्णांच्या फ्रीज-दुरुस्तीच्या दुकानातलं बोलणं आहे.

अण्णा, या मोटरहोमच्या, म्हणजे राहायच्या गाडीच्या, फ्रीजमध्ये फिरणारा भागच नाही. मोटर नाही, रिले नाही, ओव्हरलोड नाही. मागच्या बाजूला काळ्या नळ्यांचं जाळं आहे, कारखान्यातच वेल्ड करून बंद केलेलं. आत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन. खालच्या बॉयलरला उष्णता दिली की पाण्यातला अमोनिया उकळून वर जातो, कंडेन्सरमध्ये निवून त्याचा द्रव होतो आणि तो फ्रीझरच्या मागच्या नळीत उतरतो. तिथे हायड्रोजन असतो. एकूण दाब सगळीकडे सारखाच, पण हायड्रोजनच्या गर्दीत अमोनियाच्या वाट्याला त्यातला थोडाच येतो. म्हणून तो तिथे परत वायू होतो आणि आतली उष्णता ओढून घेतो. मग पाणी त्याला शोषतं आणि पुन्हा बॉयलरकडे नेतं. तुमच्याकडे दाबाचा फरक कॉम्प्रेसर पाडतो, इथे ते काम हायड्रोजन करतो. बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या स्टॉकहोमच्या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली ही युक्ती काढली. मोठ्या हॉटेलांच्या खोल्यांत अजिबात आवाज न करणारा छोटा फ्रीज असतो ना, तोही बरेचदा याच जातीचा.

म्हणजे थंड करायला आधी तापवायचं. त्यासाठी सोयी दोन: १२० व्होल्टचा हीटर किंवा गॅसची ज्योत. फ्रीजला हुकूम देणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड मात्र १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. ती फार उतरली तर गॅस असूनही फ्रीज चालत नाही. म्हणून आधी बॅटरी मोजली. ठीक होती.

आमचा दोष असा. निघण्याआधी फीनिक्सला घरच्या विजेवर रात्रभर लावला, तेव्हा फ्रीझरमधलं पाणी गोठलं होतं. हे फ्रीज फार सावकाश गार होतात, त्यामुळे सगळेच आदल्या दिवशी चालू करतात. इथे वीज नाही, म्हणून गॅसवर टाकला, तर सकाळी दूध कोमट. चिकन आणि दूध टाकून दिलं, कारण आत ४ अंश सेल्सिअसच्या वर बराच वेळ गेला की तिथे जीव अडकवू नये. लोणचं, तूप आणि शेंगदाण्याची चटणी बिनधास्त होती.

शेजारी एक निवृत्त गृहस्थ उतरले आहेत, वर्षभर गाडीतच राहतात. त्यांनी नळ्यांकडे बघितलंही नाही. पहिला प्रश्न, "विजेवर गार होतो का?" होतो म्हटल्यावर म्हणाले, मग नळ्या शाबूत आहेत. वीज असो की गॅस, दोन्हीकडून तापतो तो एकच बॉयलर. एकावर गार होतो आणि दुसऱ्यावर नाही, म्हणजे दोष तापवण्यात. दोन्हीवर कोमट राहिला असता, बॉयलर चांगला तापत असता, गाडी सपाट असती आणि हवेची वाटही मोकळी असती, तर मात्र आशा सोडायची. मागे पिवळी पूड दिसली किंवा रत्नागिरीच्या बर्फ कारखान्यासारखा अमोनियाचा वास आला, तर नळी फुटलेली. ती पूड म्हणजे आतून गंज धरू नये म्हणून घातलेलं सोडियम क्रोमेट. विषारी असतं, हात लावायचा नाही. तुमच्यासारखं गॅस चार्ज करून भागत नाही, अख्खं युनिट बदलावं लागतं.

मग बाहेरची खालची जाळी काढली. पॅनेलवर सगळं ठीक दाखवत होतं, कारण सेन्सरला ज्योत दिसते एवढंच त्याला कळतं, ती कशी आहे ते नाही. आमची ज्योत पिवळी, लोळणारी. शेगडी निळी जळत होती, म्हणजे टाकीत गॅस होता आणि दाबही बरा होता. गॅस बंद करून बर्नर उघडला तर हवेच्या नळीत कोळ्याचं जाळं. गॅसला घातलेल्या वासाकडे कोळी ओढले जातात असं इथे म्हणतात, खरं-खोटं देव जाणे. वरच्या धुराड्यातला पिळाचा पत्रा ओढून काढला, तर ओंजळभर काजळी बर्नरवर आली.

इथे तुमचा हात नक्की स्टोव्हच्या पिनेकडे गेला असता. शेजाऱ्यांनी तेवढंच बजावलं, जेटमध्ये, म्हणजे गॅस बाहेर पडतो त्या तोटीत, काहीही घालायचं नाही. भोक इतकं बारीक की पिनेने मोठं होतं आणि ज्योत कायमची बिघडते. जेट स्पिरिटमध्ये बुडवून ठेवला, वाळवला, नळी ब्रशने साफ केली. जोडल्यावर साबणाचं पाणी लावून गळती बघितली, ते तर तुमच्याकडूनच शिकले. ज्योत आता निळी आहे आणि फुरफुरते. फ्लॅगस्टाफ सुमारे ७००० फुटांवर आहे. ५५०० फुटांच्या वर विरळ हवेत हे बर्नर कुरकुरतात, वीज असेल तिथे विजेवर चालवावं म्हणतात. तरी दुसऱ्या सकाळी आतल्या पेल्यातल्या थर्मामीटरने ३ अंश दाखवले.

शिवाय शेजाऱ्यांनी फ्रीझरमध्ये गवंड्याची लेव्हल ठेवून चाकाखाली फळी सरकवायला लावली. द्रव स्वतःच्या वजनाने उतरतो, ढकलणारं कोणी नाही. गाडी तिरपी उभी राहिली की तो मध्येच साचतो, बॉयलर कोरडा तापतो आणि ते क्रोमेट आत घट्ट होऊन वाट अडवतं. गाडी चालू असताना एवढं बिघडत नाही, कारण हेलकाव्यांनी द्रव हलत राहतो. धोका तासन्‌तास तिरपं उभं राहण्याचा. अभिजितला हे सगळं थोतांड वाटलं, पण फळी त्यानेच सरकवली.

आता तुमच्यासाठी काम. परतल्यावर फीनिक्सच्या उन्हात हा फ्रीज दमणार. गरम हवा नुसती आपोआप वर चढून छतावरच्या जाळीतून बाहेर जाते, आणि बाहेरच ४३ अंश असले की ती ओढ कमी पडते. १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्युटरचा पंखा बसवायचा विचार आहे. तो कंडेन्सरच्या खाली, वर फुंकणारा लावू, की छताच्या जाळीजवळ ओढणारा? चालू-बंद करायला तापमानावर चालणारा स्विच कुठे चिकटवू? चित्र काढून फोटो पाठवा.

मोठ्यांना नमस्कार, पिंट्याला आशीर्वाद.

तुमची
माधवी