फासे दिसले की जुगारच का?

संपादक महोदय,

आम्ही पाच-सहा जण रविवारी ठाण्यात टेबलावर जुन्या लढाया खेळतो, नकाशा, पुठ्ठ्याचे सैनिक आणि फासे, बस्स. परवा १७३९ चा वसईचा वेढा मांडला, चिमाजीअप्पांचा सुरुंग लावला आणि फाशात पडला एक, म्हणजे सुरुंग फुसका! मग तासभर भांडण, एकजण म्हणे वसई मराठ्यांनीच घेतली तर फासे कशाला, अरे मग खेळायचं तरी कशाला? तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी आले, फासे बघून जुगार समजले आणि हॉलला कुलूप. मराठ्यांनी १७३७ मध्ये घेतलेल्या ठाण्याच्या किल्ल्यात आता जेल आहे, तिथेच जाऊन खेळायचं का? पालिकेच्या एखाद्या वाचनालयात रविवारी एक मोठं टेबल द्या, चहा आम्ही आणू.

– एक वाचक, ठाणे