रेशचा कोपरा

अलिबाग

चि. राजा,

शालोम आणि अनेक आशीर्वाद. काल फोन मीच ठेवला. रेंज गेली नव्हती.

तुझ्या पणजीच्या कबरीवरच्या दगडाचा नवा नमुना पप्पांना दाखवला. काळा ग्रॅनाइट, मशीनची हिब्रू, खाली माझ्या समाधानापुरती एक ओळ मराठी. बघून म्हणाले, "हा ल हिंदी आहे." खरंच की, दंड्याचा ल! जुन्या दगडावरचा आपला, दोन पाकळ्यांचा.

"मराठी वाचायला तिथे येणार कोण?" असं तू म्हणालास. तो विषय मी काढणार नव्हते.

आठवतं, दहा वर्षांचा होतास. कबरस्तानात बादलीभर पाणी मारलंस, तशी खाऱ्या वाऱ्याने झिजलेली अक्षरं ओल्या दगडावर उठून आली. उजवीकडून बोट फिरवत हिब्रू साल वाचलंस, अक्षरांचेच आकडे: तव ४००, दालेत ४, आयिन ७०, तेत ९. वरचे ५००० दगडावर लिहीत नाहीत, ते धरून ५४८३. इंग्रजी साल काढायला त्यातून ३७६० वजा केलेस आणि ओरडलास, "पप्पा, पणजी १७२३ साली गेली!" आणि खाली स्वच्छ मराठीत 'आक्टोबर १९१८'. तापसरीची साथ, घरातली तीन माणसं. पाथरवट गावातला, हिब्रू त्याला चित्रासारखी. रेश या अक्षराची गोल पाठ त्याने टोकदार केली, रेशचं दालेत झालं आणि २०० चे ४ झाले. मराठी ओळीत मात्र चूक नाही, कारण ती त्याला वाचता येत होती. आधी शिरोरेघ आखून एकेक अक्षर खाली टांगलंय. चूक तू पकडलीस म्हणून प्रार्थना चालवणाऱ्या हज्जाननी तुझी पाठ थोपटली. मी वर्षभर सगळ्यांना सांगत होते.

म्हणून म्हणते, ती ओळ काढलीस तर... बघ, झालं माझं भाषण सुरू. दगडाला तडा गेलाय, बदलायलाच हवा, पैसे तू देतोयस. चुकलं माझं.

पण वाचायला कोण येणार, हे रात्री डोक्यातून जात नाही. छोटी व्हिडिओवर "आजी" म्हणते आणि पुढचं सगळं हिब्रूत. मी नुसती हसते. इस्राएल आळीत आता मिन्यानला, प्रार्थनेपुरते दहा पुरुष जमवताना पप्पा फोन करून थकतात. नवगावच्या आपल्या पूर्वजांच्या त्या जुन्या कबरींवर तर अक्षरच नाही, तरी लोक बसने येतात. मग आपल्याकडे का नाही येणार? तू येशील ना? दगडासाठी नव्हे, असंच.

पप्पांच्या तपासणीचं विचारलंस. शुगर थोडी जास्त, बाकी ठीक. आमच्या दोघांच्या दगडावर काय लिहायचं, ते त्यांनी डायरीत लिहून ठेवलंय. मी वाचलं नाही.

मलिद्यासाठी पोहे पाठवतेय, तिकडचे भिजवले की लगदा होतात.

जुना दगड फोडू देऊ नकोस, नव्याच्या पायथ्याशी आडवा ठेवू. रेशचा कोपरा तसाच राहू दे. पप्पा सकाळपासून ल काढतायत, चौथा कागद झाला. हात थरथरतो, पण पाकळ्या नीट येतायत. संध्याकाळी फोटो पाठवते.

तुझी,
आई