मने, रविवारी त्या कॅम्पला जाऊ नकोस

प्रिय मने,

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज काल क्लिनिक बंद केल्यावर नीट ऐकला. फोन केला असता पण घरात सगळ्यांसमोर तू या विषयावर एक शब्द बोलणार नाहीस हे मला माहितीये, म्हणून लिहितेय. निवांत वाच.

आधी उत्तर. हसताना हिरड्या जास्त दिसतात त्यासाठी बोटॉक्सचं इंजेक्शन खरंच असतं का? असतं. चालतं का? ज्याला त्याची गरज आहे त्याला फार छान चालतं. पण रविवारी तुमच्याकडच्या पार्लरमध्ये जो कॅम्प आहे आणि "पुण्याहून डॉक्टर येणार, आज बुकिंग केलं तर डिस्काउंट" असं तुला सांगितलंय, तिथे ते घेऊ नकोस. बुकिंगचे पैसे गेले तर जाऊ देत.

का, ते सांगते. तुझ्या हिरड्या नक्की कशामुळे दिसतात हे अजून कुणी बघितलंच नाहीये ना. कॉलेजपासून तू तोंडावर हात धरून हसतेस आणि मी रोज शेजारी बसून बघितलंय, पण मीसुद्धा तुझं माप कधी घेतलं नाही. हिरड्या दिसणं हे एकच असलं तरी कारणं तीन-चार वेगवेगळी असतात आणि एकेकाचा उपाय पार वेगळा. कुणाचा वरचा जबडाच उभा लांब वाढलेला असतो, तिथे हाडाचा प्रश्न आहे, फार असेल तर ऑपरेशन करून जबडा वर सरकवावा लागतो, पूर्ण भूल देऊन. कुणाचा वरचा ओठच आखूड असतो. कुणाचे दात पूर्ण लांबीचे असतात पण हिरडीने त्यांचा वरचा भाग झाकून ठेवलेला असतो त्यामुळे दात चौकोनी, बुटके दिसतात. असं असेल तर इंजेक्शन म्हणजे पैसे पाण्यात, कारण तिथे हिरडी थोडी कापून, कधी आतलं हाड जरा घासून दाताला त्याची खरी लांबी मोकळी करून द्यायची असते. हे माझं रोजचं काम आहे, भूल फक्त तेवढ्या जागेपुरती, आणि नीट केलं तर कायमचं. आणि कुणाकुणाचं मात्र सगळं मापात असतं, दात, हिरड्या, जबडा, ओठाची लांबीसुद्धा, फक्त ओठ वर उचलणारे स्नायू जरा जास्तच जोरात काम करतात. खिडकीचा पडदा दोरी ओढल्यावर पार वर जाऊन बसावा तसा ओठ वर जातो. इंजेक्शन आहे ते या लोकांसाठी.

त्यात बऱ्याच जणांना यातलं थोडं थोडं मिळून असतं, म्हणून बघितल्याशिवाय कुणीच काही सांगू नये असं माझं ठाम मत आहे.

तू घरीच एक कर. आरशासमोर ओठ सैल सोडून, तोंड किंचित उघडं ठेवून एक फोटो काढ. मग मनापासून हसतानाचा एक काढ. फोटोसाठी ठेवतो तसलं हसू नको, खरं हवं, शाळेतल्या त्या इन्स्पेक्शनची गोष्ट आठव. पहिल्या फोटोत वरचे दात किती दिसतात बघ, बायकांमध्ये साधारण २ ते ४ मिलिमीटर दिसणं नॉर्मल आहे, त्याहून बरेच जास्त दिसत असतील तर जबडा किंवा ओठाची लांबी बघावी लागेल. मग पट्टीने समोरचा मोठा दात मोज, १० ते ११ मिलिमीटर असायला हवा, ८च्या आसपास भरला तर मला हिरडीची शंका येईल. विश्रांतीपासून पूर्ण हसेपर्यंत ओठ ६ ते ८ मिलिमीटर वर जातो, तुझा त्याहून खूप जास्त जात असेल तर मग स्नायू. दोन्ही फोटो मला पाठव, मी कुणाला दाखवणार नाही.

आणि हो, बीपीची गोळी सुरू झाली म्हणालीस ती कोणती? अॅम्लोडिपीन असेल तर सांग. त्या गोळीने काही जणांच्या हिरड्या फुगतात, वाढतात. तुझ्या हिरड्या शाळेपासून दिसतात हे खरं, पण "हल्ली जास्तच दिसायला लागल्यात" असं तूच म्हणालीस ना, म्हणून विचारतेय. गोळी स्वतःहून बंद करू नकोस हां, आधी मला नाव कळव.

आता तुझी भीती, की हे विष आहे. आहे. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाचा जिवाणू ते तयार करतो. १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एका गावात अंत्ययात्रेला वाजवायला आलेल्या बँडवाल्यांनी खारवलेलं मांस खाल्लं, त्यांना लकवा मारल्यासारखं झालं, तिघे गेले, आणि त्यावरून एमिल व्हॅन एर्मेंगेम नावाच्या शास्त्रज्ञाने हा जिवाणू शोधून काढला. तेच विष पुढे अॅलन स्कॉट नावाच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या डोळ्यांच्या डॉक्टरने अगदी थेंबाथेंबाने तिरळेपणासाठी वापरलं, १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला तिरळेपणा आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याचा जो आजार असतो त्यासाठी मंजुरी मिळाली. सुरकुत्यांचं नंतर आलं, २००२ मध्ये. म्हणजे सौंदर्याच्या आधी कितीतरी वर्षं हे औषध डोळ्यांच्या पेशंटसाठी वापरात होतं, हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण लोक त्याला नुसती श्रीमंतांची थेरं समजतात.

करतं काय, तर मज्जातंतूकडून स्नायूला "आवळ" असा जो निरोप जातो तो अडवतं. स्नायू मरत नाही, कापला जात नाही, थोडे महिने सैल राहतो आणि मग निरोप परत पोचायला लागतो. हिरड्यांसाठी हे नीट मापून करून दाखवलं ते पोर्तो रिकोच्या मारिओ पोलो या ऑर्थोडॉन्टिस्टने, म्हणजे वाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरने. २००८ मध्ये त्याने ३० पेशंट्सचं प्रसिद्ध केलं, सरासरी ५ मिलिमीटरच्या वर हिरडी दिसत होती ती दोन आठवड्यांत जवळजवळ शून्यावर आली आणि मग हळूहळू परत दिसायला लागली. २००९ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलच्या योनसेई युनिव्हर्सिटीच्या लोकांनी जागा शोधली, नाकपुडीच्या बाजूला साधारण १ सेंटिमीटर आणि ओठाच्या रेषेपासून ३ सेंटिमीटर वर, ओठ उचलणारे तीन स्नायू तिथे एकत्र येतात. म्हणजे सरळ केस असेल तर प्रत्येक बाजूला एक टोचणी पुरते. डोस बघ किती कमी, एका बाजूला २ ते ३ युनिट. कपाळावरच्या आठीसाठी २० युनिट लागतात. एवढ्याशा डोसचं सगळं यश जागेवर आहे गं, अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे झालं तरी भलताच स्नायू सैल पडतो.

मग काय होतं तर हसू वाकडं येतं, एक बाजू वर जाते, दुसरी नाही. किंवा डोस जास्त झाला तर ओठ इतका खाली येतो की हिरड्यांबरोबर दातही गायब, माणूस हसतोय की नाही कळत नाही. कधी मधला ओठ खाली आणि दोन्ही कोपरे वर, ते तर बघवत नाही. माझ्याकडे अशी एक मुलगी आली होती, कुठल्यातरी कॅम्पमध्ये टोचून घेतलेलं, रडत होती, आणि मी तिला एवढंच सांगू शकले की थांब, उतरेल. उतरलंही. पण या इंजेक्शनवर उतारा देता येत नाही, वाटच बघावी लागते, आणि कॅम्पवाले डॉक्टर तोपर्यंत दुसऱ्या गावात. दोन आठवड्यांनी परत बघून कमीजास्त असेल तर थोडं दुरुस्त करायचं असतं, ती भेट कॅम्पमध्ये होतच नाही. माझा सगळा राग या गोष्टीवर आहे.

तुझ्या बाबतीत अजून एक. तू वर्गात सहा-सहा तास बोलतेस, गणपतीत आणि गॅदरिंगला सूत्रसंचालन करतेस. वरचा ओठ सैल झाला की प, फ, ब, भ, म म्हणताना काही दिवस जड वाटू शकतं, स्ट्रॉने पिताना, चूळ भरताना जाणवतं. बहुतेकांना हे होत नाही किंवा लवकर सवय होते, पण कार्यक्रमाच्या आधीच्या आठवड्यात पहिल्यांदा घ्यायचं नाही म्हणजे नाही. परिणाम तीन-चार दिवसांत दिसायला लागतो, पूर्ण बसायला दोन आठवडे जातात, पुढे तीन-चार महिने टिकतो, कुणाला सहा. मुक्ताच्या लग्नाचे फोटो डोक्यात असतील तर लग्नाच्या निदान महिनाभर आधी, आणि त्याच्याही आधी एकदा करून उतरू दिलेलं असलं तर सगळ्यात उत्तम, म्हणजे तुला स्वतःला कळेल ते हसू तुझं वाटतं का.

कायमचं नाही म्हणून तू नाराज झालीस, पण मला तर हा त्याचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. नाही आवडलं तर काही न करता तू परत पहिल्यासारखी. ऑपरेशनमध्ये ही सोय नाही. आणि वयाबरोबर वरचा ओठ तसाही थोडा खाली येतो, चाळिशीनंतर हिरड्या आपोआप कमी दिसायला लागतात, म्हणून आपल्या वयाला डोस हात राखूनच द्यायचा. हसताना २-३ मिलिमीटर हिरडी दिसली तर ती सुंदरच दिसते, पार झाकून टाकायची काही गरज नाही. कुणी "झिरो करून देतो" म्हणालं तर तिथून उठून ये.

आता करू की नको. तुझ्या वहिनीने फोटो बघून जे म्हटलं ते ऐकून मला फार वाईट वाटलं, आणि फक्त तेवढ्यासाठी करणार असशील तर मी नको म्हणेन. पण तू असंही म्हणालीस की "मला एकदा तरी हात न लावता हसायचंय", आणि त्यावर मी तुला "जशी आहेस तशी छान आहेस" असं म्हणून गप्प करणार नाही. तू मला तशीच आवडतेस, कायम. तरी ते तोंड तुझं आहे आणि इतकी वर्षं तो हात तू वर नेलायस, मी नाही. स्नायूचं कारण निघालं तर मला वाटतं तू एकदा करून बघावंस. हिरडीचं निघालं तर मी स्वतः करीन. जबड्याचं निघालं तर शांतपणे बसून बोलू, घाई कसलीच नाही.

इकडे येणं जमत नसेल तर जवळच्या डेंटल कॉलेजच्या हिरड्यांच्या विभागात दाखव, तपासणीचे पैसे अगदी थोडे लागतात. इंजेक्शन जिथे घेशील तिथे बाटली समोर उघडायला सांग, कंपनीचं नाव, बॅच, एक्सपायरी बघ, ती २ ते ८ डिग्रीला फ्रिजमध्ये ठेवलेली हवी. किती युनिट दिले ते कागदावर लिहून घे, कारण बोटॉक्सचं युनिट आणि डिस्पोर्ट नावाचं याच विषाचं दुसऱ्या कंपनीचं इंजेक्शन असतं त्याचं युनिट एक नाही, पुढच्या वेळी घोळ होतो. टोचल्यावर त्या दिवशी तिथे चोळायचं नाही, फेशियल नाही, चार तास आडवं व्हायचं नाही. प्रेग्नंट किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने घ्यायचं नाही, स्नायूंचा मायस्थेनिया नावाचा आजार असेल तरी नाही, आणि जेंटामायसिनसारखी अँटिबायोटिक चालू असतील तर आधी सांगायचं. तुला यातलं काही नाही, तरी कुणी विचारलंच नाही तर समज की जागा चुकीची आहे. पार्लरमध्ये तुला विचारलं होतं का?

फोटो आणि गोळीचं नाव आजच पाठव. पुढच्या महिन्यात दुसऱ्या शनिवारी तुला सुट्टी असते ना, सकाळच्या गाडीने ये, मी त्या दिवशी दुपारनंतर अपॉइंटमेंट घेत नाही. मुक्कामाला राहा, रविवारी संध्याकाळी सोडते. आणि पार्लरवालीला फोन करायला नको वाटत असेल तर मला नंबर दे, मी सांगते.

तुझीच,
शुभा