विषय: एचपीएलसीचा संपर्क रात्री तुटण्याबाबत, आणि न बिघडलेल्या बोर्डाच्या कोटेशनबाबत

प्रति,
सेवा विभाग प्रमुख

महोदय,

आमच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमधल्या तुमच्या एचपीएलसीचा (नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशीनचा) कॉम्प्युटरशी संपर्क दीड महिना मध्यरात्री तुटत होता. तुमचे इंजिनिअर तीनदा आले, तिन्ही वेळा दिवसा. पहिल्यांदा लॅन केबल बदलली, दुसऱ्यांदा सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं, तिसऱ्यांदा कम्युनिकेशन बोर्ड गेल्याचं सांगून कोटेशन दिलं. दिवसा मशीन सुरळीत चालायचं, त्यामुळे रिपोर्टवर दर वेळी 'समस्या आढळली नाही'. तरीही बोर्ड गेलेला! रात्रीचा लॉग मात्र एकानेही उघडला नाही.

शेवटी आम्हीच उघडला. सिक्वेन्स (एकामागून एक आपोआप तपासल्या जाणाऱ्या नमुन्यांची रांग) संध्याकाळी 6:40 ला लावलेला, एक इंजेक्शन, म्हणजे एका नमुन्याची तपासणी, 25 मिनिटांचं. अठरावं चालू असताना, रात्री बरोबर 2 वाजता संपर्क गेला. दुसऱ्या रात्री केमिस्टला पिंग (मशीन उत्तर देतं का हे सतत विचारणारी कमांड) चालू ठेवून बसवलं. 2 वाजताच उत्तरं थांबली आणि कॉम्प्युटरने 169.254 ने सुरू होणारा पत्ता घेतला. डीएचसीपीकडून (नेटवर्कवर पत्ते आपोआप वाटणाऱ्या सोयीकडून) पत्ता मिळाला नाही की विंडोज हेच करतं.

मग उलगडा झाला. मशीन आणि कॉम्प्युटर दोघांनाही पत्ता ऑफिसच्या राउटरकडून मिळत होता, 8 तासांच्या लीजवर, म्हणजे तेवढ्याच मुदतीसाठी. सकाळी 10 ला दोन्ही चालू केले की निम्मी मुदत सरल्यावर, म्हणजे दुपारी 2 ला आणि संध्याकाळी 6 ला, लीज वाढायची. सातला वॉचमन ऑफिसचा मेन स्विच बंद करतो. (त्याला बोल लावू नका, 'वीज वाचवा'ची पाटी आम्हीच लावली आहे.) रात्री 10 ला लीज वाढवायला राउटरच नाही, 2 ला मुदत संपली. सकाळी राउटर चालू, सगळं आलबेल!

इन्स्टॉलेशनच्या वेळी दोघांना स्टॅटिक आयपी (न बदलणारा, कायमचा पत्ता) देणं तुमच्या माणसाचं काम होतं. तुमच्याच मॅन्युअलमध्ये तसं लिहिलं आहे. क्वालिफिकेशनच्या (मशीन नीट बसवल्याच्या तपासणीच्या) कागदावर मात्र आयपी पत्त्याच्या रकान्यात 'लागू नाही' लिहून सही केली आहे. ऑडिटरसमोर हा कागद आम्ही कोणत्या तोंडाने ठेवायचा?

नुकसान फक्त रात्रींचं नाही. संपर्क तुटला की पंप थांबायचा आणि फॉस्फेट बफर (क्षारांचं द्रावण) कॉलममध्ये, म्हणजे घटक वेगळे करणाऱ्या नळीत, तसाच राहायचा. एक कॉलम आता इतका प्रेशर दाखवतो की धुऊनही उपयोग झाला नाही.

स्टॅटिक आयपी आम्हीच दिले. त्यानंतर सलग चार रात्री सिक्वेन्स पूर्ण झाले, जुन्याच बोर्डावर.

बोर्डाचं कोटेशन रद्द करावं, तिसऱ्या व्हिजिटचं बिल परत घ्यावं आणि कॉलमची भरपाई द्यावी. क्वालिफिकेशनचा कागद दुरुस्त करून, मूळ कारण लेखी नोंदवून पंधरा दिवसांत पाठवावा. त्याशिवाय आमचं डेव्हिएशन (ठरलेल्या पद्धतीत झालेल्या चुकीची नोंद) बंद होत नाही, आणि तोवर एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) नूतनीकरणावर मी सही करणार नाही.

आपला,
क्यूसी विभाग प्रमुख

सोबत: लॉगची प्रत, पिंगचा स्क्रीनशॉट, तिन्ही सर्व्हिस रिपोर्ट