आईची गर्भपिशवी वाचवणाऱ्या नर्सबाईंना

नर्सबाई, सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाली तेव्हा निरोपाला आमच्या घरातलं कुणीच नव्हतं. मी शाळेसाठी मामाकडे होते, बाकी सगळे साखर कारखान्यावर ऊसतोडीला. आभार मानायचे राहिले ते आज मानते. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुमचा पत्ता माझ्याकडे नाही. आणि तुम्ही आमच्या आईसाठी जे केलंत ते आपल्या बीडमधल्या धारूर, केज, वडवणीकडच्या बायकांना कळावं असंही मनात आहे.

आई तुमच्याकडे आली तेव्हा चौतिशीची होती. त्याआधीचं तिचं आयुष्य तुम्हाला फारसं माहीत नसेल, ती स्वतःहून सांगत नाही. १९७२ च्या दुष्काळात पाच वर्षांची असताना आईबापाबरोबर खडी फोडायच्या कामावर बसलेली ही मुलगी. चौदाव्या वर्षी लग्न झालं आणि त्याच दिवाळीनंतर ती पहिल्यांदा ऊसतोडीला गेली. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे दोघांचा मिळून एकच हिशोब. उचल, म्हणजे हंगामाआधीचे आगाऊ पैसे, घेतली दादांच्या, आमच्या वडिलांच्या, नावावर, मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत नाव दादांचं, हिशोबाला बोलावणं दादांना. ऊस तोडायचे दादा. त्याचा पाला साळायचा, शेंड्याच्या वाढ्यानं मोळी बांधायची, ३०-४० किलोंची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, हे सगळं आईकडे. पहाटे तीनला उठून भाकरी, रात्री गाडी भरायला आली की पुन्हा उसाचा फड. माझा धाकटा भाऊ सांगली जिल्ह्यात कोपीवर, पाचटाच्या झोपडीत, जन्मला. महिना भरायच्या आत ती परत मोळ्या बांधत होती, कारण एक दिवस बुडून खाडा पडला तर तो अख्ख्या कोयत्याचा आणि पैसे उचलीतून कापले जाणार. २०२४ च्या करारात तोडणीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला, तेव्हा दादा बराच वेळ हिशोब करत बसले होते. आई एवढंच म्हणाली, "बाईचं नाव कव्हा लिवणार वहीत?"

अंगावरून पांढरं जायचं, ओटीपोट दुखायचं, हे तिनं किती हंगाम अंगावर काढलं कोण जाणे. फडात आडोसा नाही. पाळीचं कापड कालव्याच्या पाण्यात धुवायचं आणि कुणाला दिसू नये म्हणून लुगड्याखाली अर्धं ओलंच वाळत घालायचं. शेवटी तालुक्याच्या गावी एका खासगी डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, पिशवी खराब झालीय, आता नाही काढली तर कॅन्सर होईल. आमच्या भावकीतल्या दोघीतिघींनी काढली होतीच. आईलाही ते पटलं. पाळी नाही, कटकट नाही, खाडा नाही. शिवाय मागं तीन पोरं आणि एक मी, कॅन्सरचं नाव ऐकल्यावर तिनं दुसरं काय करावं? मुकादम ऑपरेशनपुरती जादा उचल द्यायला तयार होता. लोक म्हणतात या बायका अडाणी म्हणून फसल्या. मला ते मुळीच मान्य नाही. त्यांच्यापुढे जो हिशोब मांडला होता, त्यात तेच उत्तर निघत होतं.

तुम्ही लसीकरणाला आला होतात. आई सहज बोलून गेली, पुढच्या आठवड्यात पिशवी काढतेय म्हणून. तुम्ही हातातलं काम बाजूला ठेवलंत. तिला रागावला नाहीत, डॉक्टरांना नावं ठेवली नाहीत. कागद मागितलात. कागदावर सोनोग्राफी नव्हती, कसलीच तपासणी नव्हती. मग तुमच्या सुट्टीच्या दिवशी तुम्ही तिच्याबरोबर एसटीनं अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात गेलात. निघालं साधं इन्फेक्शन. गोळ्या आईला दिल्या आणि दादांनाही. दादा घेईनात, तेव्हा ओट्यावर बसून, "तुम्ही घेतल्या नाहीत तर त्यांचं पुन्हा उलटेल," हे तुम्ही पुरुषाला तोंडावर सांगितलंत. आमच्या गावात तसं बोलणं सोपं नव्हतं, आजही नाही. कापड उन्हात वाळवायचं, कुणी काही म्हटलं तरी उन्हातच, हेही तुमचंच. निघताना तिला काय झालं आणि कोणत्या गोळ्या चालल्या ते एका चिठ्ठीवर लिहून दिलंत, म्हणजे कारखान्याकडच्या दवाखान्यात दाखवता येईल.

तरुणपणी पिशवी काढलेल्या बायकांचं पुढं काय होतं ते आता आम्ही रोज बघतो. अंडाशयही गेलेलं असेल तर चाळिशीच्या आतच म्हातारपणाची दुखणी लागतात, हाडं ठिसूळ होतात, कंबर धरते. ऑपरेशनची उचल फेडायला त्याच कमरेनं मोळ्या उचलायच्या. माझी चुलती त्यातलीच.

२०१९ मध्ये आपल्या बीडचं हे दुखणं वर्तमानपत्रांत आलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. आता खासगी दवाखान्याला त्यासाठी सिव्हिल सर्जनची परवानगी लागते. तुम्ही एकटीनं कागद मागितलात ते त्याच्या कितीतरी वर्षं आधी. आमच्या घरात आई, तीन सुना आणि मी धरून पाच बाया. त्या आकड्यात आमच्यातली एकही नाही.

कारण तुमच्यानंतर आईनं घरात कायदा केला, पिशवीला हात लावायच्या आधी मला विचारायचं. आता नातवंडं तिला मोठी आई म्हणतात. तिनं कोयता खाली ठेवला तो नातवंडं शाळेत राहावीत म्हणून. दिवाळीनंतर भाऊ-भावजया निघाल्या की सगळी नातवंडं तिच्याजवळ असतात. कोणत्या सुनेनं किती काम केलं, उचलीतले किती तिच्या हातात आले, हे ती एप्रिलमध्ये मुलांना समोर बसवून विचारते. मुलांना ते जड जातं. पण उत्तर द्यावं लागतं. गावातल्या इतर बायकाही आता कागद घेऊन आमच्या ओट्यावर येतात. आईला वाचता येत नाही, म्हणून ती नातीला वाचायला लावते आणि पहिलं विचारते, "सोनोग्राफी हाय का?"

पत्र लिहितेय म्हटल्यावर तिनं निरोप दिला, तो तसाच लिहिते. "नर्सबाईला म्हणावं, कंबर ताठ हाय. गुडघं दुखत्यात, ते वयाचं हाय. धाकल्या सुनंला दोन महिने अंगावरून पांढरं जायाचा तरास होता, तिला आंबेजोगाईलाच दाखवून आणलं. गोळ्या चालू हायेत, आन् पोराला बी देती, माझ्यासमोर खायला लावती. आन् त्यांना म्हणावं, या एकदा. दिवाळीच्या आधी या, म्हंजी समदे घरी गावतील."

तुमची,
एका ऊसतोड बाईची लेक